दस्त्याच्या आतली मापं

ता. ४ जून

ती. काकांना सा. न.

१. मागच्या जुलैत माझ्या वाकड्या कण्याची शस्त्रक्रिया झाली. अकरा मणके दोन सळ्यांनी जोडले. उंची चार सेंटिमीटरने वाढली.
२. मे महिन्यात डॉक्टरांनी रायफल पुन्हा हातात घ्यायची परवानगी दिली. सप्टेंबरात निवड चाचणी आहे.
३. काल साठ गोळ्यांत, दशांश गुणांकनाने, ६५४ पैकी ५७१ गुण. पूर्वी ६२२.
४. तुम्ही बनवलेला रायफलचा लाकडी दस्ता आता खांद्याला बसत नाही. मागची प्लेट सरकवायला तो उघडला. आत तुमच्या अक्षरात, पेन्सिलीने: वय बारा, उजवा खांदा ६ मिमी खाली. तेरा, ११. चौदा, १९.

डॉक्टर म्हणाले होते, तेराव्या वर्षी कळलं असतं तर कदाचित पाठीच्या पट्ट्यावर भागलं असतं. आम्हाला कळलं एकविसाव्या वर्षी, नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत. तुम्हाला कधी कळलं, एवढंच विचारायचं आहे.

काकूंचे गुडघे बरे असतील.

आपली पुतणी

ता. ९ जून

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

पत्र आहे की तपासणी अहवाल? प्रयोगशाळेत वजनकाटे तपासतेस तसंच मला तपासायला घेतलंस. घे, हक्क आहे तुझा. काकूचे गुडघे कुरकुरतात, पण तिच्यापेक्षा कमीच.

पहिल्या वर्षी वाटलं, रायफलच्या वजनाने खांदा पडतो, सगळ्यांचाच थोडा पडतो. दुसऱ्या वर्षी शंका आली. तिसऱ्या वर्षी कळलं. त्याच महिन्यात तू मोठ्या गटात पहिली आलीस. पाठीच्या त्या बाकात तू अशी स्थिर उभी राहायचीस की माझ्याकडे शिकणारी बाकीची पोरं आपला नेम सोडून तुझ्याकडे बघत बसायची. मी लाकूड तुझ्या बाकाप्रमाणे तासत गेलो आणि डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. सरळ झालीस तर नेम जाईल, अशी भीती होती. नेम तुझा, भीती माझी.

नवा दस्ता करतो. लाकूड काढून ठेवलंय. फक्त तुझ्या बाबांना, दादाला, यातलं काही बोलू नकोस. तो माझं तोंड पाहणार नाही.

लोभाला आता कितपत पात्र आहे ते तूच ठरव,
काका

ता. १२ जून

ती. काका, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. खरं लिहिलंत. त्याबद्दल आभार मानावेसे वाटले नाहीत.

इथल्या दोन कारागिरांना विचारलं. न वाकणाऱ्या पाठीसाठी दस्ता कुणीच केलेला नाही. चाचणीला उतरायचं तर तुम्ही लागता. आवडो न आवडो, हे असं आहे.

शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन महिने बाबा माझे बूट बांधत. खाली बसले की दर वेळी तेच म्हणायचे, एका घरात राहून मला दिसलं कसं नाही. बूट आता माझे मी बांधते. ते अजून म्हणतात.

मी त्यांना सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, समोर बसून. ते काय बोलतील याची हमी मी देत नाही. ते झालं की मापं द्यायला येईन, त्याआधी नाही. सांगणार नसाल तर मी चाचणीचा अर्ज भरत नाही.

अर्जाची शेवटची तारीख २० जून आहे. होय की नाही, ते १८ जूनपर्यंत कळवा.

पुतणी