थांब्यावरची मुलगी

प्रिय रिस्तो,

हे पत्र मी ब्रेलमध्ये टोचून काढते आहे, म्हणजे तुला ते कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. बोटं लगेच उचलू नकोस. रविवारी सिनेमागृहात तुझ्या कानात बोलत होती ती मीच, तुइया. तू ओळखलंसच. हेडफोन देताना मी ‘हा घ्या’ म्हणाले आणि तू नुसतं ‘हं’ म्हणालास. बावन्न वर्षांनी एक ‘हं’!

निवृत्त झाल्यापासून मी अंध प्रेक्षकांना चित्रपट सांगत आले. नियम एकच, पडद्यावर दिसतं तेवढंच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. हा चित्रपट याआधी चारदा न चुकता सांगितला होता. त्यात घडतं तरी काय? तळ्याकाठचा एक उन्हाळा, एक मुलगा, एक मुलगी. साउनाच्या वाफेतून बाहेर आल्यावर तो आपल्या शर्टानं तिचे केस पुसतो. पण रविवारी तू चौथ्या रांगेत होतास, आणि ते सांगताना माझ्याच मानेला तुझा ओला शर्ट लागला. सत्तरीची बाई मी, प्रेक्षागृहामागच्या काचेच्या खोलीत माइकसमोर रडत होते आणि रडतारडता बोलत होते.

मग शेवट आला. मुलगा स्वीडनला निघालाय. पडद्यावर बस येते, तो चढतो, बस जाते. थांबा रिकामा. पण मी बोलून गेले, बस सुटता सुटता मुलगी बॅग घेऊन धावत येते, त्याच्या शेजारी जाऊन बसते.

तू हेडफोन खुर्चीवर ठेवलास आणि काठी टेकत निघून गेलास. वृद्धाश्रमातल्या तुझ्या शेजारच्या खोलीतल्या हिल्काआजींनी मात्र माझा हात धरला. ‘आली ना गं पोरगी शेवटी! जीव भांड्यात पडला बघ.’ व्यवस्थापक यार्मो खवळला होता. ‘अहो, थांब्यावर चिटपाखरू नव्हतं! पोरगी आणलीत कुठून?’ माझं काम गेलं. जाऊ दे.

कुठून आणली, ते तुला सांगते. बावन्न वर्षांपूर्वी आपण दोघं स्वीडनला निघणार होतो, त्या दिवशी मी आलेच नाही, असं तू आजवर धरून चालला आहेस. मी आले होते, रिस्तो. दुधाचे कॅन ठेवायच्या कट्ट्यामागे बॅग घेऊन उभी होते. तू ड्रायव्हरला ‘एकच मिनिट थांबा हो’ म्हणालास, तेही ऐकलं. कुणी अडवलं नव्हतं. भ्याले, एवढंच. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही.

हिल्काआजी म्हणाल्या, तू शुक्रवारी दहाच्या बसनं लेकीकडे स्वीडनला चाललास, कायमचा. थांबा तोच आहे, कट्टाही अजून आहे. मी येणार. सोबत नेऊ नकोस, हव्या तेवढ्या शिव्या दे. पण मला माझी खात्री नाही. पुन्हा पाय उचलला नाही, तर आता मी समोर असले तरी तुला दिसणार नाही. म्हणून हात जोडते, बसमध्ये चढण्याआधी एकदा मोठ्यानं विचार, ‘तुइया, आहेस का?’ तू विचारलंस, तर मी ओ देईन.

अजूनही तुझीच,
तुइया