तंतुकणिकांचे व्याख्यान आणि मध्येच आलेले जेवण

कसबा पेठ, पुणे
गुरुवार

रा. रा. सर्जेराव यांस (पहिल्या ओळीपुरतेच, पुढे तू),

शरच्चंद्राचा सादर नमस्कार. साष्टांग घातला असता, पण गुडघे परवानगी देत नाहीत. प्रेमलावहिनींची दाढ काढली, की अजून तुझ्या लवंगेवरच भागते आहे? लोणी काळभोरला ऊस तोडून झाला असेल. इकडे आमची सौ. सुहासिनी उत्तम आहे. माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे तिची प्रकृती फारच सुधारली आहे. का बोलत नाही, ते सांगायलाच हे पत्र.

मागच्या महिन्यात तुझा बजरंग आमच्याकडे आला होता. त्याच्या हिंजवडीच्या कंपनीत आरोग्य सप्ताह होता. म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर जीवशास्त्र शिकवलंत. पेशी स्वतःचा कचरा कसा काढते, यावर बोला ना. आमच्याकडे हल्ली सगळे त्याच्यासाठी उपास करतात." निवृत्त प्राध्यापकाला आपणहून 'बोला' म्हणणारा माणूस पुण्यात उरलेला नाही, तेव्हा मी चहा यायच्या आत होकार दिला.

कंपनीच्या बसमध्ये इतका वेळ गेला, की भाषण पाठ झाले आणि हिंजवडी येईपर्यंत विसरलेही. सभागृहात खुर्च्या नव्हत्या. मऊ पोती होती. (त्यात बसता येते, उठायला दोन माणसे लागतात.) मागे फलक होता: 'क्लीन सेल, क्लीन लाइफ!'

तिथे जे सांगितले ते तुलाही सांगतो, कारण कॉलेजात तू या तासाला झोपायचास. पेशीत तंतुकणिका असतात. अन्नातून ऊर्जा काढणे हे त्यांचे काम. एखादी बिघडली, की ती ऊर्जा थोडी देते आणि उपद्रव फार करते. प्राण्यांच्या पेशीत मग तिच्या अंगावर एक प्रथिन साचते. (धडधाकट तंतुकणिका ते आत ओढून मोडून टाकते, बिघडलेलीला तेवढी ताकद नसते.) ते प्रथिन जोडीदाराला बोलावते, दोघे मिळून तिच्यावर खुणा चिकटवतात, एक पापुद्रा येऊन तिला लपेटतो आणि लयकारिकेत, म्हणजे पेशीच्या पाचक पिशवीत, नेऊन विरघळवतो. तुझ्या उसाच्या पानातही ही साफसफाई चालते. मात्र तिथे शेवट रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या मोठ्या पिशवीत, होतो, आणि खुणा करणारी ती जोडी वनस्पतींत अजून कोणाला सापडलेली नाही. झाडांची रीत निराळी.

"पण पेशी उतावळी नसते," असे मी म्हणतो आहे तोच जेवण आले.

मनुष्यबळ विभागाच्या हेमा मॅडम माइक घेऊन उभ्या राहिल्या. "सर, सो पॉवरफुल! म्हणजे नेचरसुद्धा परफॉर्मन्स बघतं!"

"बाई, अर्धे अजून राहिले आहे. थोडी बिघडलेली असेल तर पेशी तिला आधी एखाद्या धडधाकट तंतुकणिकेशी जोडून घेते, सांभाळून नेते. आणि जुनी म्हणजे बिघडलेली नव्हे."

"येस, येस. ते लंचनंतर घेऊया."

लंचनंतर सभागृहात मी एकटाच उरलो. (श्रोते नव्हते, त्यामुळे पोत्यातून ओढायलाही कोणी नव्हते.)

पुढच्याच आठवड्यात कंपनीत 'प्रोजेक्ट सेल' सुरू झाला. काही जणांच्या ओळखपत्राला नारिंगी फिती लागल्या. फीतवाल्यांना निरोपाचा केक. आणि पत्रकाच्या तळाशी माझे नाव: 'यांच्या मार्गदर्शनातून'. ते वाचल्यापासून सुहासिनीने मौन धरले.

मी तडक हेमा मॅडमना गाठले. म्हटले, "पेशी तंतुकणिका विरघळवते, पण तिचा कण न् कण पुन्हा वापरते. राबलेल्याला केक देऊन फाटकाबाहेर काढत नाही. आणि मुळात बाई, माणूस तंतुकणिका नव्हे!"

"वाव, रिसायकलिंग! सर, त्यावर एक वेगळं सेशन ठेवूया?"

मला तुळशीचे रोप भेट मिळाले. ते घेऊन परत आलो. काय करणार?

असो. वहिनींना नमस्कार, तुझ्या बैलांना थोपटणे.

विद्यार्थी मिळेल तिथे शिकवणारा,
शरच्चंद्र

ता. क. : नारिंगी फीत बजरंगलाही लागली. त्या कंपनीत त्याचे केस पांढरे झाले, तेच नडले. तो रोज सकाळी डबा घेऊन 'कंपनीत जातो' म्हणून तुमच्या घरून निघतो आणि आमच्या माडीवर येऊन बसतो. अर्ज करतो, खिडकीतून बघतो, संध्याकाळी मोटारसायकल काढतो. तुला सांगायचा धीर त्याला होत नाही. मी हे लिहितो आहे, हेही त्याला ठाऊक नाही. तेव्हा पत्र मिळेल त्या रात्री जेवताना तूच विषय काढ. 'आता शेती बघ' म्हणू नकोस, तोंड पाडूही नकोस. 'शरदच्या माडीवर गरम होतं का रे?' एवढेच विचार. पुढचे तोच बोलेल. रागवायचेच असेल तर माझ्यावर रागाव. मला सवय आहे.

ता. क. दुसरा : हेमा मॅडमनी पुन्हा बोलावले आहे. मी साफ नकार दिला. ते ऐकून बजरंग माडीवरून म्हणाला, "जा काका, उरलेलं अर्धं तरी सांगून या. आत अजून माझी माणसं आहेत." बस बोळात शिरत नाही, कोपऱ्यावर हॉर्न देते आहे. या खेपेला उरलेला भाग आधी सांगणार आणि उभ्यानेच बोलणार.