पायरीवरचा कोरडा पंचा

मी, मधुवंती सॅम्युएल राव, वय शहात्तर, निवृत्त उपसंपादक, राहणार पुरसवाक्कम, चेन्नई, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणीही मागे लागलेले नसताना, माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकील विद्यालक्ष्मी म्हणाल्या, "मॅडम, इंग्रजीत करा, कोर्टाला सोपं." कोर्टासाठी भाषांतर जोडले आहे. थकल्यावर मला घरचीच भाषा सुचते.

१. राहता फ्लॅट व बँकेत जे काही उरेल ते माझ्या दिवंगत भावाचा मुलगा प्राणेश, राहणार अण्णा नगर, यास द्यावे. यास कोणतीही अट नाही. हे वाक्य कलम ४ वाचताना लक्षात ठेवावे.

२. शब्दकोश ज्याला उचलवतील त्याने न्यावेत. बाकी पुस्तके रद्दीत गेली तरी माझी तक्रार नाही.

३. वंशावळ. आमच्या घराण्यात चार पिढ्या बॅप्टिस्ट पाळक झाले: पणजोबा राघोत्तम, आजोबा योहान, माझे वडील आणि माझा भाऊ. जॉर्ज टाउनमधील आमच्या चॅपलमध्ये त्यांच्या वंशावळीचा दगड बसणार आहे. प्राणेशने चॅपलच्या नोंदवह्यांवरून तक्ता केला आणि मजकूर लिहायला माझ्याकडे आणला. तक्त्यात राघोत्तम आणि योहान जुळे भाऊ निघाले.

"आत्या, सॉफ्टवेअर चुकत नाही गं."

"तू चुकलास. आपल्यात तान्ह्या बाळाला पाणी लावत नाहीत. माणूस कळता होऊन स्वतः म्हणेल तेव्हाच बाप्तिस्म्यासाठी हौदात उतरतो. तू बाप्तिस्म्याच्या तारखा जन्माच्या म्हणून भरल्यास. हे दोघे एका दिवशी उतरले, एवढंच. बाप-लेक आहेत ते."

"अय्यो. पाळकाचा मुलगा ना मी?"

तारखा आम्ही दुरुस्त केल्या. एक चौकट मात्र रिकामी राहिली. राघोत्तमांची पत्नी भवानी. ती कधीच पाण्यात उतरली नाही, म्हणून तिची नोंद नाही. नवरा दर रविवारी उपदेश करी आणि ती समोर बसून ऐके. बाप्तिस्मा असला की ती सागवानी पेटीत कोरडे पंचे आणि लुगडी घेऊन हौदाच्या पायरीवर उभी राही. आजोबांनी एकदा विचारले, "आई, तू कधी उतरणार?" ती म्हणाली, "सगळेच भिजलात तर कोरडं कोण देणार?" हे आजोबांनी मला स्वतः सांगितले आहे.

४. चॅपलचे चिटणीस विश्वजित यांनी दगडावर तिचे नाव घालण्यास नकार दिला. "बाई, हा पाळकांचा वंश आहे. बाप्तिस्मा नसलेल्यांचा नाही." मी म्हटले, "मग योहान काय आकाशातून पडले?" त्यांनी चहा मागवला. तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही, आणि आता वेळही नाही.

फ्लॅटला अट घातली असती तर नाव कोरले गेले असते, पण ते विकत घेतल्यासारखे झाले असते. माझा मजकूर मात्र माझा आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या. माझ्या मजकुराला कात्री नको. भवानीचे नाव असेल तर दगडावर तो पूर्ण घ्यावा. नसेल तर एक ओळही घेऊ नये. चिटणिसांनी स्वतः लिहावे.

५. मीही पाण्यात उतरलेले नाही. भांडण नव्हते. विचारणाऱ्याला "बघू" म्हणत राहिले आणि वर्षे निघून गेली. त्यामुळे तक्त्यात माझीही चौकट येणार नाही. तिच्यासाठी कोणी वाद घालू नये. चॅपलच्या दफनभूमीत मला जागा मागू नये. भवानीलाही मिळाली नव्हती. तिचा पाळक मुलगा चितेपाशी उभा राहिला आणि प्रार्थना मनातल्या मनात म्हणाला. मला विद्युतदाहिनी पुरे. प्रार्थना मोठ्याने म्हटली तर चालेल.

६. सागवानी पेटी. भवानीनंतर ती घेऊन आजी उभी राहिली, मग आई, मग मी. आता गुडघे पायरी चढत नाहीत. पेटी प्राणेशची मुलगी इरा हिला द्यावी. येत्या ईस्टरला ती पाण्यात उतरणार आहे, स्वतःच्या मर्जीने. मला आनंद आहे. पण ज्याला उतरायचे त्याने स्वतःचा पंचा धरायचा नसतो. म्हणून त्या दिवसापुरती पेटी प्राणेशने घ्यावी. आमच्या घरातला एकही पुरुष आजवर त्या पायरीवर उभा राहिलेला नाही. पंचे मी धुऊन ठेवले आहेत. हौद खोल आहे, आणि इरा बाहेर येताना डोळे मिटलेले असतील. तिने हात पुढे केला की तिथे कोणीतरी असावे.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोन ठिकाणी खोडून, सही करीत आहे. साक्षीदार माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही करीत आहेत. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

सही: मधुवंती सॅम्युएल राव

साक्षीदार:
१. विद्यालक्ष्मी नटराजन, वकील
२. दिनकर गोडसे, शेजारी

चेन्नई, ९ ऑगस्ट २०२५