झाकण लावण्याआधी

४ मार्च

चि. ठमाबाईस, अ. उ. आ. वि. वि.

सांगतेय मी, लिहितेय शेजारीण; म्हणून चुका तिच्या, शहाणपण माझं. बापाच्या हाताखाली कामाला लागलीस तेव्हापासून दोघांपैकी एकाचंही पत्र नाही. सूर्यासारखी आग यंत्रात कोंडणार म्हणे तुम्ही! इथे मला साधा गॅस पेटत नाही. यंत्र दुरुस्तीला उघडलंय आणि त्याच्या पोटात शिरून तू भिंतीच्या फरश्या बदलतेयस, असं कळलं. वेळेवर जेवतेस ना? मायेत कसर नको, पत्रात तर नकोच.

तुझी आजी

२० मार्च

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

नव्या फरश्या बसल्या. पण गार पाण्याच्या नळीचा एक सांधा मला ओलसर लागला. आमच्याकडे रीत अशी, की शेवटी आतून बाहेर आलेल्या माणसाने हो म्हटल्याशिवाय झाकण लावत नाहीत. या वेळी शेवटी मीच बाहेर आले होते. मी बाबांना सांधा सांगितला. ते म्हणाले, नुसता दमटपणा आहे, परवा पाहणीला मोठी मंडळी येतायत. दुसरा साहेब असता तर मी अडून बसले असते. बाबा होते, म्हणून हो म्हटलं.

यंत्र तापलं आणि आत पाणी सुटलं. सगळ्यांच्या कामाची माती झाली. चौकशीत बाबा म्हणाले, की ओल्या सांध्याचं त्यांच्या कानावर आलंच नव्हतं. मला काढून टाकलंय. तू त्यांना बोलू नकोस. आशीर्वाद तेवढे चालू ठेव.

तुझी ठमा

२ एप्रिल

चि. ठमाबाईस, आशीर्वाद.

बोलू नकोस म्हणालीस, म्हणून बोलले नाही, लिहायला बसवलंय. अक्षर ओळखलंस ना? तुझा बाप आलाय. म्हणतो, पोरगी तरुण आहे, तिला कुठेही काम मिळेल, माझी मात्र निवृत्ती तोंडावर आलीय. म्हटलं, हेही लिही. लिहिलं. पोरीने सांगितलं होतं आणि मीच ऐकलं नाही, हेही लिही म्हटलं. मान खाली घालून तेही लिहिलं. घरातल्या घरात खरं बोलायला त्याची कधीच ना नसते.

इथून पुढे शेजारीण लिहितेय. आता हेच कचेरीला लिही म्हटलं, तर पेनाला टोपण लावून, गाडीची वेळ झाली म्हणत निघून गेला. कागद इथेच राहिला.

वरचं अक्षर त्याचं आहे. कचेरीत दाखवायचं की फाडून टाकायचं, ते तू ठरव. मला विचारू नकोस, ठमे. मी त्याची आई आहे.

तुझी आजी