सोमनाथच्या रक्तातली खूण

चिकलठाणा, १२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. रत्नमालेस दादाचे आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आपल्या सोमनाथच्या स्किझोफ्रेनियाचा इथल्या दवाखान्यात अभ्यास चाललाय. त्याचं रक्त घेतलं, मेंदूचा एमआरआय काढला. सख्खा भाऊ म्हणून माझंही रक्त घेतलं. मी सातवी पास, पाण्याच्या जळक्या मोटारी भरणारा. पण कॉइल उघडल्याबिगर दोष सांगत नाही. सगळं खोदून विचारलं. रोगाशी लढणाऱ्या शक्तीची जी जनुकं असतात, त्यात सोमनाथला एक खूण निघाली. त्याच्या मेंदूचा वरचा थर काही ठिकाणी पातळ झालाय. आणि रत्ना, तीच खूण मलाही आहे.

तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी खूण कितीतरी धडधाकट माणसांत असते, नुसत्या तिनं कुणी आजारी पडत नाही. तरी दोन्हीकडून एकच रक्त, मन धजत नाही. मामाची पोरगी म्हणून आमची संस्कृती तुझ्या आदिनाथला द्यायची, हे पाळण्यातलं बोलणं इथंच थांबवतो. रागाव, पण बोलणं टाकू नकोस.

तुझा
कारभारीदादा

पैठण, १९ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरीणबाई नाय म्हणत्यात आन् तू व्हय म्हणतोस. लई शहाणा. ते भांडण सवडीनं करू.

पुढचं मी यांनासुद्धा सांगितलेलं नाही. जूनपासून आदिनाथ एकटाच बोलतो. धरणावरची माणसं नाव घेऊन शिव्या देतात म्हणतो. तिथं कुणी नसतं. कॉलेज सुटलं. संसारात पडला की निवळेल, म्हणून मी दिवाळीतच लग्न उरकायचं म्हणत होते. सोमनाथच्या वेळी आईनं हेच केलं, आणि सुरेखावहिनी वर्षात माहेरी गेली. तरी मी तुझी लेक मागितली.

माझ्या रक्तातून गेलं का रे पोराला?

रत्नमाला

चिकलठाणा, २२ ऑगस्ट

चि. रत्नमालेस,

आशीर्वाद धरून चाल, घाईत लिहितोय. गल्लीतला बन्सी टेम्पो घेऊन तिकडंच निघालाय, त्याच्याकडं हे देतो. फोनवर तुझं रडणं मला ऐकवणार नाही.

तुझं पत्र वाचून तुझी वहिनी तुला फोनवर नाही नाही ते बोलली. बोलू दे, तिची लेक आहे. लग्नाचा विषय संपला.

रक्ताचं मी बाईंना विचारून आलो. पुष्कळ गोष्टी मिळून हा आजार होतो, एकट्या आईच्या माथी मारता येत नाही, म्हणाल्या. सोमनाथच्या गोळ्या लई उशिरा सुरू झाल्या, या पोराला उशीर करू नका, हेही म्हणाल्या. उद्या पहिल्या एसटीनं आदिनाथला न्यायला येतो. भाऊजींना आज रात्री सगळं सांग.

सोमनाथला आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्यानं आतून ऐकलं. म्हणाला, दादा, मी पण येतो. ते आवाज कसे असतात ते तुम्हाला नाय सांगता यायचं.

इतक्या वर्षांत त्यानं आपणहून घराबाहेर पडायचं नाव काढलं नव्हतं. आत्तापासूनच चपला घालून दारात बसलाय.

दादा