धोंडूकाका हेलियम नाहीत

तोंडवली, ता. मालवण

तीर्थरूप सावित्रीआत्याच्या पायांना आणि तिच्या लाल पेनाला संचिताचा साष्टांग नमस्कार. वेंगुर्ल्याच्या वैद्याच्या तेलाने तुझा गुडघा वाकू लागला का? इकडे आईची कंबर बरी आहे, बाबा बोटीवर आहेत आणि मी सीईटी देऊन जिवंत आहे. हे शेवटचं कसं घडलं ते सविस्तर सांगते, कारण त्याला जबाबदार तू आहेस.

गेल्या वर्षी रसायनशास्त्राने माझा घात केला. यंदाही तसंच झालं तर बी.फार्म विसर, असं बाबांनी फोनवर बजावलं होतं. तेव्हा तू म्हणालीस, मूलद्रव्यांना ओळखीच्या माणसांची नावं दे आणि तक्ता येता-जाता दिसेल असा लाव. (तुझं न ऐकायची आमच्या घरात कुणाची छाती आहे?) लवूदादा सोडियम, कारण किनाऱ्यावरून घरी पोहोचेपर्यंत त्याचे निम्मे बांगडे वाटून झालेले असतात. यशोदाकाकी फ्लोरीन, कारण ती वाटी घेऊन दारात उभी राहिली की समोरच्याचं काहीतरी तिच्याकडे जाणारच. एका वेळी चार घरं सांभाळणारी मथुरावहिनी कार्बन. आणि शेजारचे धोंडूकाका हेलियम, निष्क्रिय वायू : कुणाचं घेणार नाहीत, कुणाला देणार नाहीत. तक्ता मी पडवीत लावला, जिथे अख्खी वाडी बसते.

लवूदादा वाचून तणतणला, "मथुरेक चार हात आनि माका एकच? हो खंयचो न्याय?" त्याची समजूत घालता घालता संयुजा माझी कायमची पाठ झाली. यशोदाकाकी मात्र खूश. सगळ्यांत जोरात तीच ओढते हे विज्ञानानेच सांगितल्यावर तिची वाटीही मोठी झाली. पण एक दिवस धोंडूकाका आमच्या परड्यात पडलेला आपला नारळ न्यायला आले आणि तक्त्यासमोर थांबले. "मी कोणाक काय देणय नाय? बरां तर. तुझ्या परीक्षेक गाडी पन देवचंय नाय."

आत्या, परीक्षा ओरोसला, सकाळच्या पहिल्या सत्रात. पहिली एसटी पोहोचेपर्यंत केंद्राचं फाटक बंद होणार, आणि वाडीत रिकामी गाडी एकट्या काकांची. मी खरंच रडले. आई माफी मागायला गेली, तर त्यांनी दार उघडलं नाही (हेलियमच तो). शेवटी यशोदाकाकी गेली. वाटी घेऊनच. "धोंडू, चावी दी. नाय तर मी हयच बसतंय."

दार उघडलं, चावीही निघाली. आणि मला माझा तो सरावाचा पेपर आठवला, ज्यात मी लिहिलं होतं की निष्क्रिय वायू कधीच कुणाशी संयोग पावत नाहीत, आणि तू त्याभोवती लाल गोल काढून लिहिलं होतंस, "झेनॉनही निष्क्रियच ना? जरा फ्लोरीनला विचार!"

पेपरात झेनॉन आणि चार फ्लोरीनच्या संयुगाचा आकार विचारला होता. मी मोठ्याने हसले, तेव्हा पर्यवेक्षिका धावत आल्या. (सपाट चौरस. बरोबर ना?) बाहेर आले तर काका घरी न जाता उन्हात उभे. त्यांनी डिकीतून तो नारळ काढून माझ्या हातात दिला. "हो घे. आनि माजी जागा बदल." मी पुन्हा रडले.

निकाल लागायचा आहे. पण काहीही लागो, न घाबरता मी पेपर सोडवला तो पहिल्यांदाच, आणि तो तुझ्यामुळे. तुझे उपकार मी विसरणार नाही.

तुझी,
संचिता

ता. क. तक्त्यात तुझं नाव नाही म्हणून रागावू नकोस. तू उत्प्रेरक. क्रिया घडवून तो स्वतः जसाच्या तसा उरतो, असं तूच शिकवलंस. ते वाचून आईला फार धीर आला. त्यामुळे आमची धाकटी तन्वी यंदा दहावीला तुझ्याकडेच राहील. ती रविवारी येते आहे, गादीसकट.

ता. ता. क. तिला सोडायला धोंडूकाका येतील. तिच्यासोबत येणारा नारळ तोच आहे. त्यांच्यासमोर फोडू नकोस, त्यांना अजून थोडं दुखतं.