त्या हिवाळ्याचं दूध

ऐत बुगमेझ,
अक्रोड झोडायचे दिवस

प्रिय तूदा,

आठवडाभर तू फोन करते आहेस आणि मी "आवाज तुटतोय" म्हणून ठेवून देतो आहे. आवाज तुटत नव्हता. टेकडीवर टॉवर उभा राहिल्यापासून आपल्या खोऱ्यात आवाज तुटत नाही, हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून तर तू चिडली आहेस. पुढच्या सहलीला गाडी घेऊन मी येणार नाही एवढंच मी कंपनीला कळवलं, कारण तुलाही सांगितलं नाही. तुझं शेवटचं वाक्य अजून कानात आहे, "मोहा, त्या लाहसेनला पाठवलंस तर पाहुण्यांना घेऊन मी फेझपर्यंत चालत जाईन!" लाहसेन घाट उतरताना गाणी म्हणतो आणि वळणावर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवतो, मान्य. पण मी का येत नाही ते फोनवर सांगण्यासारखं नाही. शाळा सुटल्यानंतर इतकं मोठं काही लिहायला पहिल्यांदाच बसलो आहे, तेव्हा हसू नकोस. यापुढे आपण एका गाडीत बसायचं की नाही, ते हे पत्र वाचून तू ठरवायचं आहेस.

आधी गावची खबर. अक्रोड यंदा भरपूर आहेत, सगळ्यांचे हात काळे झाले आहेत. तुझे वडील गुडघा दुखतो म्हणून सकाळी कण्हतात आणि दुपारी झाडावर चढलेले असतात. खाली उतरा म्हटलं की वरून ओरडतात, "तू मोटारी हाक, झाडाचं मी बघतो." आमचं घर मात्र शांत आहे. आईच्या मागावर अर्धी विणलेली घोंगडी तशीच आहे, ती काढायचं माझ्या जिवावर येतं. आई गेली तेव्हा बर्फानं रस्ता बंद होता, तरी तू शेवटचा टप्पा खेचरावरून आलीस आणि आईला शेवटची अंघोळ तुझ्या हातून झाली. पोटच्या पोरीनंही इतकं केलं नसतं, असं बायका अजून बोलतात. तू तिला आई म्हणत होतीस आणि मनापासून म्हणत होतीस. पुढचं लिहायला जड जातं आहे ते त्यामुळेच.

तो दिवस तुला आठवत असेल. तबांतच्या शाळेतून डोंगरवाटांची वाटाडी म्हणून तू पास झालीस, सगळ्या पोरांत एकटी मुलगी. माराकेशच्या कंपनीनं बोलावलं, डोंगर ओलांडून वाळवंटाच्या कडेनं फेझपर्यंत पाहुणे न्यायचे, गाडी माझी आणि बोलणं तुझं. तुझ्या वडिलांनी, बस्सूकाकांनी, डोक्यात राख घालून घेतली. "परक्या पुरुषाच्या गाडीत इतके दिवस? मग परत कशाला येतेस, तिकडेच राहा!" तुमच्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं. तू भिंतीला टेकून उभी होतीस आणि रडायचं नाही असं ठरवल्यासारखी हनुवटी वर धरली होतीस. तेव्हा माझी आई पुढे झाली. "परका कोण? मोठ्या बर्फाच्या हिवाळ्यात तुझी बायको तापानं पडली होती, तेव्हा ही पोर माझ्या मांडीवर होती, विसरलास का बस्सू? दोघांना मीच पाजलं आहे. बहीण आहे ती त्याची."

झालं. दूधभाऊ म्हणजे भाऊच, त्याच्यासमोर ओढणी सावरायला नको, त्याच्याबरोबर मुलखाच्या टोकाला गेली तरी कुणी ब्र काढत नाही. आणि लग्न तर मनातही आणायचं नाही, सख्ख्या भावाशी आणत नाही तसंच. बस्सूकाका बराच वेळ आईकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "असं असेल तर जा." तू धावत आलीस आणि सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात पडलीस, "मला भाऊ मिळाला!" अंगण हसलं, मीही हसलो. जवाची कापणी झाली की तुझ्यासाठी मागणी घालायला आईला बस्सूकाकांकडे पाठवायचं, असं मी त्या आठवड्यातच ठरवलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलं नाही, तुला तर नाहीच.

मग वर्षं गेली, आणि खोटं कशाला बोलू, ती चांगली गेली. तिश्काच्या घाटात पाहुणे एकेक करून झोपायचे. फोटोसाठी गाडी थांबवा म्हणणारेसुद्धा तोंड उघडं टाकून झोपायचे. मग पुढे आपण दोघं आणि काचेबाहेर तो तांबडा डोंगर. झोपलेल्या माणसांना तू हळू आवाजात गावांची नावं सांगत राहायचीस. कुणी ऐकत नाही तर बोलतेस कशाला म्हणून मी चिडवलं की म्हणायचीस, "तू ऐकतोस ना." दादेसच्या खोऱ्यात गुलाबांचे दिवस असले की गाडीत वास भरून यायचा आणि मिडेल्टपर्यंत जायचा नाही. कोरड्या नद्या, मातीचे किल्ले, ढगांच्या सावल्या बकऱ्यांसारख्या उतारावरून चाललेल्या. मला कधी कधी वाटायचं, मी गाडी चालवतच नाही, रस्ताच आपल्याला उचलून नेतो आहे, आणि फेझ आलं नाही तरी माझी काही तक्रार नाही.

पण फेझ यायचंच. दिवेलागणीला टेकडीवरून ते अख्खं शहर एकदम खाली दिसायचं, आणि पाहुणे जागे होऊन कधीच न झोपल्यासारखे "वा, वा" करायचे. तटाच्या आत मोटार जात नाही, म्हणून तू त्यांना घेऊन दरवाजातून आत जायचीस आणि मी बाहेर गाडीपाशी. आत खेचरवाले "बाजूला व्हा" ओरडत असायचे, कातड्यांचा वास वाऱ्यावर यायचा, एकेका मिनारावरून अजान सुरू व्हायची. मग तू भट्टीतली गरम भाकरी झग्याच्या टोकात गुंडाळून बाहेर यायचीस, फक्त मला द्यायला. एकदा एका म्हातारीनं तुला विचारलं होतं, हा तुझा नवरा का? तू म्हणालीस, "छे हो, भाऊ आहे. नवरा असता तर माझं इतकं ऐकलं असतं का?" सगळे हसले. मी भाकरी खात होतो म्हणून बरं.

परत आलो की तू आधी आमच्या घरी. आई आठवड्याच्या बाजारापलीकडे आयुष्यात कधी गेली नाही. ती चूल सारखी करून बसायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "हं, घाटापासून सांग." तू वळणावळणानं सांगायचीस. मध्येच कुठलं गाव गाळलंस तर आई डोळे न उघडता टोकायची, "आणि ते सफरचंदांचं राहिलं." मीही तीच सहल करून आलेला असायचो, पण तुझ्याकडून ऐकताना ती मला दुसरीच वाटायची.

आता या वसंतातल्या सहलीचं सांगतो. तू चारदा म्हणालीस की मोहा, तू आजारी आहेस. आजारी नव्हतो. मिडेल्टच्या पुढे देवदारांच्या रानात धुकं उतरलं होतं, पाहुणे माकडं बघायला खाली उतरले होते आणि गाडीत आपण दोघंच होतो. झाडं निम्मी दिसत होती, निम्मी नाही. तू काच पुसत होतीस, पुसता पुसता थांबलीस आणि बाहेर बघतच म्हणालीस, "आईनं मला तेव्हा पाजलं नसतं तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं का रे तुला?" तू स्वतःच हसलीस, "काय बाई, धुक्यात माणूस काहीही बोलतं," आणि दार उघडून पाहुण्यांना हाका मारत निघून गेलीस. मी दोन्ही हात चाकावर ठेवून बसून राहिलो. गाडी बंद होती.

कारण मला तेव्हा सगळं माहीत होतं, तूदा. त्याआधीच्या शरदात, आई नुकतीच अंथरुणाला खिळू लागली होती, तेव्हा एका दुपारी तिला उन्हाला म्हणून मी गच्चीवर नेऊन बसवलं. ती अक्रोड फोडत होती. मधेच म्हणाली, "मोहा, मी तूदाला कधी पाजलं नाही." मला वाटलं ताप चढला. तर म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे माझं. तुझ्या मनात काय होतं ते तेव्हाही मला दिसत होतं. पण तेव्हा तुझ्याशी लग्न झालं असतं तर ती याच खोऱ्यात राहिली असती, गाय, चूल, सरपण. मी राहिले ना. राहणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तिला जायचं होतं, आणि दुसरा रस्ता मला सुचला नाही." मी आईवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. तिच्यासाठी केलंस, माझं काय, असं विचारलं. तिनं सोललेला अक्रोड माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "तुझं मी वाईट केलं. ते मला माहीत आहे." मी तो खाल्ला नाही. आता वाटतं, खायला हवा होता.

म्हणून मी येत नाही. खरं ठाऊक नव्हतं तोवर शेजारी बसलेल्या तुझ्याकडे बघण्यात काही चोरी नव्हती. आता प्रत्येक वळणावर ती चोरी वाटते. तुला सांगावं तर जिला तू आई म्हणतेस ती जाते, गेल्या हिवाळ्यात पुरलेली. लोकांना सांगावं तर इतकी वर्षं तू परक्या पुरुषाबरोबर हिंडलीस असं होतं, आणि तोंडं तुझ्याच दिशेनं वळणार, माझ्या नाही. न सांगावं तर तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर तोंडात धरून मी तुला फेझला नेत-आणत राहायचं. ते माझ्यानं होणार नाही.

उन्हाळाभर हे डोक्यात घोळवलं, आणि परवा बस्सूकाकांकडे गेलो. पाण्याची पाळी त्यांची होती, ते पाटाचं तोंड फोडत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वाटलं, हातातली कुदळ माझ्या डोक्यात बसणार. ते खाली वाकलेलेच म्हणाले, "तो दगड दे इकडे." मी दिला. त्यांनी तो पाटात बसवला, पाणी शेतात वळलं, आणि मग म्हणाले, "तुझ्या आईला, इझ्झाला, त्या हिवाळ्यात दूधच नव्हतं. तू स्वतः माझ्या काळ्या शेळीच्या दुधावर जगलास. बर्फातून भांडं घेऊन मीच येत होतो रोज. त्या हिशेबानं माझी करडं तुझी भावंडं लागतात, त्यांची विचारपूस करत जा जरा."

मला हसायचं की रडायचं कळेना. मी म्हटलं, म्हणजे त्या दिवशी अंगणात तुम्हाला माहीत होतं? तर म्हणाले, "मला होतं, सुईणीला होतं, जरा वय झालेल्या प्रत्येक बाईला होतं. पोरीला जा म्हणायचं माझ्याही मनात होतं रे, पण लोकांपुढे म्हणायला तोंड नव्हतं. तुझ्या आईनं ते मला दिलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, संपलं." मी विचारलं, आणि माझं कुणीच बघितलं नाही? तेव्हा मात्र ते पाटाच्या कडेवर बसले, गुडघा धरून. "नाही बघितलं," म्हणाले. "तू हसत होतास." मी त्यांच्याशी भांडलो, तूदा. तुझ्या बापाशी भर शेतात आवाज चढवून भांडलो आणि त्यांनी तो चढवू दिला. शेवटी लोकांचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, सुईण अजून जिवंत आहे, इमामांसमोर ती सांगेल. आणि लोक दोन बाजार बोलतील, तिसऱ्या बाजाराला अक्रोडाच्या भावावर येतील.

आता हे पत्र का लिहिलं ते. तुझ्यासाठी मी बस्सूकाकांकडे रीतसर मागणी घातली. त्यांनी सरळ उडवून लावलं, "मला काय विचारतोस? तिला जाऊ द्यायचं काम मी तेव्हाच केलं. आता ती कुठं राहते, कुणाबरोबर राहते, ते तिला विचार." तेव्हा तुला विचारतो आहे. माझ्याशी लग्न करशील? खोऱ्यात राहायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही, तोच घाट, तीच गाडी, तू बोलायचंस आणि मी ऐकायचं. देवदारांच्या रानात तू विचारलं होतंस, तर हो, मला तसं वाटतं. ज्या दिवशी तू गळ्यात पडलीस त्या दिवसापासून रोज वाटतं. नको असेल तर तसं स्पष्ट लिही, मी ते निमूट मान्य करीन, फक्त गाडी चालवायला मला बोलावू नकोस. आणि आईचं मनाला लावून घेऊ नकोस. तिनं तुला दूध दिलं नाही, पण तुझ्यासाठी ती अख्ख्या गावापुढे खोटं बोलली आणि त्यासाठी स्वतःच्या मुलाला दुखवलं. माझ्या घरी आलीस तर तू तिला आईच म्हणशील, आणि या वेळी ते खरं असेल.

तुझाच,
आणि भाऊ नव्हे,
मोहा